‘आता सोडून काय उपयोग?’

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी आमच्या हातात चिठ्ठी दिली. वडिलांचं वय ६६, फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडला, ऑपरेशन ठरलंय. वडील म्हणतात, ‘चाळीस वर्षं ओढली, व्हायचं ते झालं, आता सोडून काय उपयोग?’ ताईंनी खाली लिहिलं होतं, ‘यावर काय बोलायचं ते सुचत नाही.’

आम्ही डॉक्टर नव्हे, तत्त्वज्ञानाचे मास्तर. पण वडिलांनी जे मांडलंय तो एक युक्तिवाद आहे, आणि युक्तिवाद तपासणं हे आमचं कामच. यात एक विधान लपलेलं आहे: धुराला जे करायचं होतं ते करून तो मोकळा झाला. हे विधानच चुकीचं आहे. झालेलं बदलत नाही, हे खरं. पण त्यावरून होणारंही ठरलेलंच आहे असं निघत नाही.

बघा, ऑपरेशनमध्ये बहुधा फुप्फुसाचा एक खंड काढतात. ते चालू असताना त्या बाजूचं फुप्फुस मिटवून ठेवतात आणि रुग्ण एकाच फुप्फुसावर तगतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवून बसलेला असतो. ओढणं थांबवलं की तो एका दिवसात बराचसा निघून जातो, म्हणजे शेवटच्या दिवसालाही किंमत आहे. श्वासनलिकांच्या अस्तरावर केसांसारखे बारीक तंतू असतात, ते कफ वर ढकलतात. धुराने ते लुळे पडतात आणि सावरायला काही आठवडे घेतात. ऑपरेशननंतर छातीत टाके, खोकायला दुखतं, कफ आतच साचतो आणि न्यूमोनिया होतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. आणि जे फुप्फुस उरलं, त्याच्याही अंगावर तीच चाळीस वर्षं आहेत! तिथे नवी गाठ उगवू शकते.

महिनाभर आधी सोडली तर उत्तम. शस्त्रक्रियेच्या तोंडावर सोडली तर उलट त्रास होतो, असा एक समज डॉक्टरांतही होता. नंतरच्या एकत्रित पाहण्यांत त्याला आधार मिळाला नाही.

आता आकडे. २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दहा अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला गेला: ६५ वर्षांचा, लवकर निदान झालेला रुग्ण. ओढत राहिला तर पाच वर्षं जगणारे शंभरात ३३, सोडली तर ७०. (हे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अधिक आढळणाऱ्या प्रकाराबद्दल.)

इथे आमच्यातला मास्तर हात वर करतो. सोडणारे मुळातच जरा धट्टेकट्टे असतील तर? शंका योग्य आहे. चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना ‘तुम्ही ओढत राहा’ असं सांगता येत नाही, म्हणून शंभर टक्के पुरावा कधीच येणार नाही. रोनाल्ड फिशर, आधुनिक संख्याशास्त्राचा मोठा माणूस, हेच धरून बसला होता की सिगारेट आणि कर्करोग यांच्यामागे तिसरंच कारण असेल. स्वतः पाइप ओढायचा, तंबाखू उद्योगाचा सल्लागारही होता, पण ते सोडा. शंका घेण्याचा हक्क त्याला होता. चूक इतकीच की पुरावा साचत गेला तरी तो तिथेच बसून राहिला. मॉस्कोतल्या ५१७ धूम्रपान करणाऱ्या रुग्णांचा अभ्यास २०२१ साली आला. रोगाची अवस्था वगैरे फरक जमेस धरूनही, निदानानंतर सोडणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ६.६ वर्षं, न सोडणाऱ्यांचं ४.८. कमी ओढणारे असोत की जास्त, फायदा साधारण सारखाच. वडिलांच्या ‘चाळीस वर्षां’ना हे थेट उत्तर आहे.

एव्हार्ट्स ग्रॅहम या अमेरिकन सर्जनने १९३३ साली सेंट लुईसमध्ये कर्करोगासाठी एक अख्खं फुप्फुस काढलं आणि रुग्ण जगला. अशी ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. सिगारेटचा संबंध त्याला आधी पटत नव्हता. मग १९५० साली विंडर या तरुण सहकाऱ्याबरोबर ६८४ रुग्णांचा अभ्यास त्यानेच छापला आणि स्वतः सिगारेट सोडली. १९५७ साली तो फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेला. त्याचा तो रुग्ण त्याच्यामागे काही वर्षं जगला. ताई, ही गोष्ट वडिलांना सांगू नका, ते म्हणतील, ‘बघ, सोडूनही गेलाच!’ एका माणसाच्या नशिबावरून नियम काढता येत नाही, कुठल्याच बाजूने.

आमचे एक मित्र ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ओढत होते आणि डॉक्टरांना ‘सहा महिन्यांपूर्वीच सोडली’ म्हणाले. का? तर घरात सगळे ‘तूच ओढवून घेतलंस’ म्हणायचे. कारण असणं आणि दोषी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे त्यांची गल्लत फार. दोष लावला की माणूस लपवतो, आणि लपवलं की डॉक्टरांना तयारी करता येत नाही. तेव्हा ताई, ‘का ओढलीत’ हे विचारूच नका. ‘आज ओढली का’ एवढंच विचारा, आणि जे उत्तर येईल ते डॉक्टरांना कळू द्या. निकोटिनचे च्युइंगगम, पट्ट्या, गोळ्या मिळतात. नुसत्या निर्धारावर सोडू नका.

आणि हॉस्पिटलात ते तीन गोळ्यांचं खेळणं देतात ना, श्वास आत ओढून गोळे वर उचलायचे, ते आजपासूनच घरी आणा. आमच्या मित्राला ऑपरेशननंतर पहिले आठ दिवस एकच गोळा उचलता यायचा.