चार कॅप्सूल आणि एक मीटरचे अंतर

जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्याला आज एक वेगळीच अडचण येते. जाते फिरत नाही. ते पडवीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलेले असते आणि सत्तरी ओलांडलेली बाई त्याच्याशिवाय, जवळजवळ पुटपुटल्यासारखी गाते. घरघर होती तेव्हा आवाज चढवावा लागे. आता कशासाठी चढवायचा? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. शब्द वहीत उतरतात. चाल, थांबा आणि श्वास यांना मात्र ध्वनिमुद्रणच लागते. आणि इतक्या हळू आवाजाचे मुद्रण घरी येऊन ऐकले की आधी कानावर येते ती मायक्रोफोनची स्वतःची सळसळ.

माइक तोंडाजवळ नेला तर सळसळ मागे पडते, पण बाई सावध होते. वीतभर अंतरावर माइक आला की ओवीचे 'गाणे' होते. मला निदान मीटरभर लांब बसायचे असते. अंतर दुप्पट केले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे माझा प्रश्न नेमका होता: हे 6 डेसिबल स्वस्तात कुठून मिळवायचे?

कंडेन्सर मायक्रोफोन 1916 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या वेंटे यांनी बनवला. एक ताणलेला पातळ पडदा, त्यामागे धातूची चकती, मध्ये केसाहून बारीक फट. या जोडीवर विद्युतभार कायम ठेवायचा. आवाजाने पडदा हलला की फट कमीजास्त होते आणि त्याप्रमाणे व्होल्टेज बदलते. हा भार टिकवण्यासाठी बाहेरून बराच विद्युतदाब द्यावा लागे. 1962 मध्ये बेल प्रयोगशाळेत सेसलर आणि वेस्ट यांनी टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यात भार कायमचा कोंडला, लोहचुंबकात चुंबकत्व राहते तसा. हाच इलेक्ट्रेट. फोनच्या हेडसेटमध्ये असणारी, वाटाण्याएवढी, दहा-वीस रुपयांची कॅप्सूल त्याच घराण्यातली.

एवढ्याशा कॅप्सूलची धारकता 10 पिकोफॅरडच्या आसपास धरू. 100 हर्ट्झच्या खर्जाला तिचा अडथळा होतो सुमारे 16 कोटी ओहम. असा संदेश तारेत सोडता येत नाही. मीटरभर शील्डेड वायरची स्वतःची धारकता 100 पिकोफॅरडच्या घरात असते, म्हणजे दुसऱ्या टोकाला अकरावा हिस्साच पोचेल. म्हणून कॅप्सूलच्या पोटातच एक छोटा एफईटी ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. तो हा अशक्त संदेश तारेत जाण्याजोगा करतो.

मोठे, सोनेरी पडद्याचे माइक घरी बांधणारे हौशी लोक आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यात हा नाजूक जोड उघड्यावर, आपल्या हातचा असतो. तिथे 100 कोटी ओहमचा रेझिस्टर लागतो. बोटाचा ठसा, सोल्डरिंगच्या पेस्टचा ओशटपणा किंवा कोकणातली जुलैची हवा, यांतले काहीही त्या रेझिस्टरला समांतर वाट काढून देते आणि माइक चरचरू लागतो. तो जोड सर्किट बोर्डाला न टेकवता अधांतरी ठेवावा लागतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो. इलेक्ट्रेटमध्ये तो डबीत बंद असतो. गावोगाव फिरणाऱ्याला हीच निवड शहाणपणाची, असे माझे ठाम मत आहे.

आता सळसळ. साध्या कॅप्सूलची ती सुमारे 34 डेसिबल असते. रात्रीची शांत खोली 25 ते 30. इथे एक साधे गणित कामी येते. चार कॅप्सूल एकमेकींना चिकटवून एकाच दिशेला तोंड करून जोडल्या, तर चौघींना ओवी एकच ऐकू येते, म्हणून ती चौपट होते. सळसळ मात्र प्रत्येकीची वेगळी, एकमेकींशी ताळमेळ नसलेली. ती दुप्पटच होते. फायदा बरोबर 6 डेसिबल. सळसळ 28 वर येते, म्हणजे खोलीच्याच पातळीवर. सोळा लावल्या तर आणखी 6 मिळतील, पण ते खोलीच्या आवाजात बुडतील, आणि पसारा वाढल्याने बाजूने येणारे वरचे स्वर खाल्ले जातील. चार पुरेत.

जोडणी सोपी आहे. पाठ बंद असलेल्या, म्हणजे सर्व दिशांनी ऐकणाऱ्या कॅप्सूल घ्या. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. ज्या टोकाचा बाहेरच्या डबीशी जोड दिसतो ते ऋण. चारही ऋण टोके एकत्र, चारही धन एकत्र. 9 व्होल्ट बॅटरीच्या धनाग्रातून 2.2 किलोओहमचा रेझिस्टर त्या धन जोडावर आणायचा. तिथूनच 10 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, त्याचे धन टोक कॅप्सूलकडे ठेवून, रेकॉर्डरच्या माइक-सॉकेटला तार न्यायची. सोल्डर करताना लोखंड दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. टेफ्लॉनमधला भार उष्णतेने उतरतो.

कवच धातूचेच हवे, नाहीतर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण आत शिरते. मोठ्या सेलची जुनी पत्र्याची टॉर्च उत्तम: 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी चिकटपट्टी गुंडाळून नळीत मावते. पुढचा आरसा काढून टाकायचा, कारण तो आवाज परावर्तित करतो, आणि काचेच्या जागी चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी बसवायची. जाळी, नळी आणि ऋण जोड तिन्ही एकमेकांना जोडलेले आहेत ना, ते मल्टीमीटरने बघा. माझा माइक पाचशे रुपयांच्या आत झाला. त्यात टॉर्च धरलेली नाही, ती माळ्यावर होती. माइक पाटावर ठेवला तर खाली घडी घातलेला टॉवेल हवा, नाहीतर बांगड्यांआधी पाटावर टेकलेला हातच ऐकू येतो.