राजप्रासाद आणि वस्तुसंग्रहालय : व्हिएन्नातील संग्रहांचे वाचन

युरोपातील जुन्या राजधान्यांना भेट देणारा प्रवासी सामान्यतः दोन गोष्टी पाहतो; राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये. पहिल्यात राजवंशाचे जीवन दिसते व दुसऱ्यात कला दिसते, अशी त्याची समजूत असते. व्हिएन्ना नगरीत ही विभागणी टिकत नाही. तेथील प्रमुख संग्रहालयांपैकी काही प्रत्यक्ष राजप्रासादांत वसलेली आहेत, काही राजाज्ञेने बांधलेल्या वास्तूंत आहेत, आणि त्यांतील वस्तूंचा मोठा भाग हाब्सबुर्ग घराण्याने सुमारे चार शतकांत जमविलेला आहे. म्हणून व्हिएन्नातील दालनांतून हिंडणे म्हणजे केवळ सुंदर वस्तू पाहणे नव्हे. एका घराण्याची खाजगी मालमत्ता सार्वजनिक ठेव कशी झाली, तिची मांडणी कोणत्या विचाराने बदलत गेली आणि तिच्यावर आज कोणाचा हक्क आहे, या प्रश्नांचा तो अभ्यास ठरतो. या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने तेथील काही वास्तूंचा व संग्रहांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दोन प्रासाद

होफबुर्ग हा नगराच्या मध्यभागी असलेला प्रासाद एका काळी व एका हाती बांधलेला नाही. त्याचा सर्वांत जुना भाग तेराव्या शतकातील असून 'नवा प्रासाद' या नावाने ओळखली जाणारी भव्य शाखा १८८१ मध्ये सुरू होऊन पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर पूर्णतेस पोहोचली. म्हणजे ज्या राजसत्तेसाठी ती उभारली, त्या राजसत्तेला तिचा उपभोग पाच-सहा वर्षेही मिळाला नाही. १५ मार्च १९३८ रोजी ऑस्ट्रियाच्या विलीनीकरणाची घोषणा हिटलरने याच शाखेच्या सज्जावरून केली. आज तिच्यात वाद्ये, शस्त्रास्त्रे व मानववंशविषयक वस्तू यांचे संग्रह आहेत, आणि २०१८ पासून अर्वाचीन ऑस्ट्रियाच्या इतिहासाचे संग्रहालयही तेथेच आहे. एका भागात राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय, दुसऱ्यात सम्राट फ्रान्झ योझेफ याचा निवास आणि तिसऱ्यात रत्नभांडार, असा हा प्रासाद म्हणजे राज्यसत्तेच्या अनेक थरांचा छेदच होय.

रत्नभांडारातील राजमुकुट या दृष्टीने बोधप्रद आहे. पवित्र रोमन साम्राज्याचा हा अष्टकोनी मुकुट दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानला जातो. तो कित्येक शतके न्यूरेम्बर्ग नगराच्या ताब्यात होता. फ्रेंच सैन्याच्या भीतीने अठराव्या शतकाच्या अखेरीस तो व्हिएन्नाकडे हलविण्यात आला. १९३८ मध्ये नाझी राजवटीने तो पुन्हा न्यूरेम्बर्गला नेला व १९४६ मध्ये तो व्हिएन्नाला परत आला. काचेच्या कपाटात निश्चल वाटणारी वस्तू किती वेळा व कोणत्या बळाने हलविली गेली, हे तिच्याखालील दोन ओळींच्या पट्टीवरून क्वचितच कळते.

नगराबाहेरील शोनब्रुन हा उन्हाळी प्रासाद मारिया थेरेझा हिच्या कारकीर्दीत आजच्या स्वरूपाला आला. त्यात १,४४१ खोल्या असून त्यांपैकी थोड्याच प्रेक्षकांना खुल्या आहेत. फ्रान्झ योझेफ याचा जन्म १८३० मध्ये येथेच झाला आणि १९१६ मध्ये मृत्यूही येथेच झाला. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी शेवटचा सम्राट कार्ल याने राज्यकारभारातील आपला सहभाग सोडत असल्याच्या पत्रावर येथील निळ्या चिनी दालनात स्वाक्षरी केली. सहा शतकांहून अधिक काळ चाललेली सत्ता जेथे संपली, त्या खोलीच्या भिंतींवर चिनी चित्रांचा कागद आहे. राजकीय घटनेचे एकही स्मारक त्या सजावटीत नाही. राजवाड्याची खोली आपला इतिहास आपण होऊन सांगत नसते, हे यावरून ध्यानात यावे.

२. भिंतीसाठी चित्र की चित्रासाठी भिंत?

हाब्सबुर्गांच्या चित्रसंग्रहाचा पाया मुख्यतः दोघांनी घातला. प्राग येथे दरबार भरविणारा सम्राट दुसरा रुडोल्फ हा एक, आणि १६४७ ते १६५६ या काळात स्पॅनिश नेदरलंड्सचा राज्यपाल असलेला आर्चड्यूक लेओपोल्ड विल्हेल्म हा दुसरा. इंग्लंडमधील यादवीत पराभूत झालेल्या सरदारांचे संग्रह विक्रीला आले, तेव्हा लेओपोल्ड विल्हेल्म याने उत्तम इटालियन चित्रे मोठ्या प्रमाणावर विकत घेतली. त्याच्याजवळ सुमारे १,४०० चित्रे जमली होती. एका देशातील राज्यक्रांतीमुळे दुसऱ्या देशातील चित्रशाळा समृद्ध होते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी सहावा कार्ल याच्या काळी ही चित्रे होफबुर्गच्या एका भागात टांगण्यात आली. त्या मांडणीचे तत्त्व शोभेचे होते. भिंत जमिनीपासून छतापर्यंत चौकटींनी भरावी, डावी-उजवी बाजू सममित दिसावी, हा हेतू होता. त्यासाठी कित्येक चित्रे कापली गेली व कित्येकांना पट्ट्या जोडून ती वाढविण्यात आली. चित्र हे भिंतीच्या अलंकरणाचे उपकरण होते. त्याचा कर्ता, काळ व मूळ आकार या गोष्टी गौण होत्या.

हे तत्त्व पुढच्या दोन पिढ्यांत पालटले. प्रिन्स ऑयगेन याच्यासाठी वास्तुविशारद हिल्डेब्रांट याने बांधलेला बेलव्हेडेर प्रासाद १७५२ मध्ये मारिया थेरेझाने विकत घेतला होता. वरच्या बेलव्हेडेरमध्ये राजसंग्रहातील चित्रे हलविण्यात आली, आणि बाझेल येथील कोरीवकाम करणारा कलावंत व व्यापारी क्रिस्टियान फॉन मेशेल याच्याकडे त्यांच्या मांडणीचे काम सोपविण्यात आले. १७८१ मध्ये खुल्या झालेल्या या चित्रशाळेत चित्रे देशपरत्वे, संप्रदायपरत्वे व कालक्रमाने लावली होती. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाणारा प्रेक्षक जणू कलेच्या इतिहासाचे एक प्रकरण संपवून दुसऱ्यात प्रवेश करी. १७८३ मध्ये मेशेलने सूचिग्रंथही प्रसिद्ध केला. काही समकालीन रसिकांना ही मांडणी रुचली नाही. चित्रशाळेचे ग्रंथालय झाले, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. ही टीका सर्वस्वी निराधार नव्हती. कालक्रमाने लावलेले चित्र ज्ञानाचे साधन होते खरे, परंतु त्याचबरोबर ते एका मालिकेतील दुवाही होते. शोभेसाठी चित्राला भिंतीच्या मापात बसविणे आणि ज्ञानासाठी त्याला क्रमाच्या मापात बसविणे, या दोहोंत फरक मोठा आहे. तथापि दोन्ही मांडणाऱ्याच्या दृष्टीचे निर्णय आहेत, हे विसरता येत नाही.

१८५७ मध्ये फ्रान्झ योझेफने नगराचा जुना तट पाडण्याची आज्ञा दिली आणि त्या जागी रिंगस्ट्रासे हा वर्तुळाकार राजमार्ग आखला गेला. त्यावर झेम्पर व हाझेनाउअर यांच्या आराखड्यानुसार दोन जुळी संग्रहालये समोरासमोर उभी राहिली : निसर्गेतिहासाचे संग्रहालय १८८९ मध्ये व कलेतिहासाचे संग्रहालय १८९१ मध्ये खुले झाले. पहिल्यात १९०८ मध्ये विलेनडॉर्फ येथे सापडलेली, केवळ ११ सेंटिमीटर उंचीची चुनखडकातील स्त्रीमूर्ती आहे. दुसऱ्यात पीटर ब्रॉयगेल याच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह आहे. मेशेलने रूढ केलेले तत्त्व येथे दगडात कायम झाले. पहिल्या मजल्यावर एका अंगाला इटालियन, स्पॅनिश व फ्रेंच चित्रे आणि दुसऱ्या अंगाला डच, फ्लेमिश व जर्मन चित्रे, अशी विभागणी वास्तूच्या रचनेतच सामावलेली आहे.

३. सम्राटाकडून प्रजासत्ताकाकडे

राजसंग्रह जनतेला दाखविणे वेगळे आणि तो जनतेचा असणे वेगळे. १७८१ मध्ये पहिली गोष्ट घडली. दुसरी घडण्यास १९१९ उजाडावे लागले. ३ एप्रिल १९१९ च्या कायद्याने प्रजासत्ताकाने राजदरबाराची व घराण्याला वंशपरंपरेने बांधलेली मालमत्ता आपल्याकडे घेतली. व्यक्तीची सिद्ध होणारी खाजगी मालमत्ता मात्र वगळली. याच सुमारास विजयी इटलीच्या प्रतिनिधींनी आपल्या प्रदेशातून पूर्वी नेलेली चित्रे कलेतिहास संग्रहालयातून काढून नेली. उपासमार सोसणाऱ्या नगरात संग्रह विकून धान्य आणावे, असाही विचार तेव्हा पुढे आला होता. अशा काळी कलेतिहासकार हान्स टीट्झे याने विखुरलेल्या संग्रहांची नव्याने पुनर्रचना सुचविली आणि तिच्यातूनच १९२३ मध्ये खालच्या बेलव्हेडेरमध्ये बरोक कलेचे संग्रहालय निघाले.

४. शोनब्रुनमधील भारतीय पाने

भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने व्हिएन्नातील दोन संग्रह विशेष महत्त्वाचे आहेत. शोनब्रुनमधील 'मिलिओनेनत्सिमर' या मौल्यवान लाकडाने मढविलेल्या दालनात नक्षीदार सोनेरी चौकटींतून भारतीय लघुचित्रे बसविलेली आहेत. मोगल दरबार, शिकार, साधुसंत व उद्यानातील प्रसंग हे त्यांचे विषय. परंतु ही चित्रे आपल्या मूळ रूपात नाहीत. अठराव्या शतकात चौकटींचे वळणदार आकार भरण्यासाठी पाने कापण्यात आली आणि निरनिराळ्या चित्रांतील तुकडे एकमेकांना जोडून नवी दृश्ये तयार करण्यात आली. मूळ मुरक्क्यातील किनारी व पानांचा क्रम त्यामुळे नष्ट झाला. राजसंग्रहातील युरोपीय चित्रांवर भिंतीसाठी जी कात्री चालली, तीच येथेही चालली.

तरीही या दालनाचे प्रमाणमूल्य मोठे आहे. डच चित्रकार रेम्ब्रांट याने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मोगल चित्रांवरून काही रेखाचित्रे केली. त्यांपैकी वृक्षाखाली बसलेल्या चार वृद्ध शेखांच्या रेखाचित्राशी जवळून जुळणारे चित्र शोनब्रुनच्या दालनात आहे. यावरून ही पाने नेदरलंड्समार्गे युरोपात आली असावीत, असे अनुमान अभ्यासकांनी केले आहे. म्हणजे डच व्यापाराच्या जहाजांतून आलेली पाने प्रथम चित्रकाराच्या अभ्यासाचा विषय झाली व नंतर राणीच्या दालनाची सजावट झाली.

दुसरा संग्रह उपयोजित कलांच्या संग्रहालयातील 'हम्झानामा'चा होय. अकबराने आपल्या कारकीर्दीच्या प्रारंभी हाती घेतलेल्या या प्रचंड ग्रंथात सुमारे १,४०० चित्रे होती व तो पूर्ण होण्यास सुमारे १५ वर्षे लागली. कापडावर रंगविलेल्या त्या चित्रांपैकी २०० हूनही कमी आज अवशिष्ट आहेत आणि त्यांतील ६० व्हिएन्नात आहेत. १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनाच्या वेळी ती मिळविण्यात आली. येथे पानांना कोणी चौकटीच्या आकारात कापले नाही, कारण घेणारी संस्था कारागिरीच्या अभ्यासासाठी स्थापन झालेली होती. एकाच नगरातील एकाच परंपरेच्या चित्रांचे हे दोन भिन्न दैव, संग्राहकाच्या हेतूचा परिणाम किती खोल असतो हे दाखविते.

५. परतफेडीचा प्रश्न

विसाव्या शतकाने या संग्रहांपुढे हक्काचा प्रश्न अधिक कठोरपणे मांडला. १९३८ नंतर व्हिएन्नातील ज्यू कुटुंबांचे कलासंग्रह जप्त करण्यात आले. युद्धानंतर वारसांनी मागणी केली, तेव्हा कलाकृतींच्या निर्यातीवरील निर्बंधाचा आधार घेऊन, काही वस्तू संग्रहालयाला 'दान' दिल्या तरच उरलेल्या देशाबाहेर नेण्याची परवानगी मिळेल, अशी अट व्यवहारात घातली गेली. १९९८ च्या कायद्याने असे व्यवहार पुन्हा तपासण्याचा मार्ग मोकळा झाला. १९९९ मध्ये रॉथशील्ड कुटुंबाला सुमारे २५० वस्तू परत मिळाल्या. गुस्ताव्ह क्लिम्ट याने १९०७ मध्ये पूर्ण केलेले आडेले ब्लॉख-बाउअर हिचे सुवर्णचित्र व त्याची इतर चार चित्रे बेलव्हेडेरमध्ये होती. आडेलेने आपल्या पतीला ती चित्रशाळेस देण्याची विनंती मृत्युपत्रात केली होती. पतीने मात्र देशत्यागानंतर आपली मालमत्ता भाचरांच्या नावे केली. विनंती व दान यांतील हा कायदेशीर भेद निर्णायक ठरला आणि २००६ मध्ये लवादाच्या निर्णयाने पाचही चित्रे वारसांकडे गेली.

मेक्सिकोतील पिसांच्या शिरोभूषणाचा प्रश्न याहून निराळा आहे. क्वेट्झल पक्ष्याच्या लांब हिरव्या पिसांची ही वस्तू १५९६ मध्ये आम्ब्रास किल्ल्यातील संग्रहाच्या यादीत 'मूरांची टोपी' म्हणून नोंदली गेली होती. आज ती 'मोक्तेझुमाचे शिरोभूषण' म्हणून प्रसिद्ध आहे आणि मेक्सिको तिची मागणी करीत आला आहे. प्रवासातील कंपनांनी पिसे तुटतील, हा संरक्षणशास्त्रीय आक्षेप तिच्या परतीच्या मार्गात उभा आहे. वस्तूचे नाव, तिचा धनी आणि तिची प्रकृती ही तिन्ही येथे एकाच वादात गुंतली आहेत.

६. उपसंहार

या विवेचनावरून राजप्रासाद व संग्रहालये पाहण्याची एक पद्धती निष्पन्न होते. प्रत्येक वस्तूपुढे चार प्रश्न उभे करावेत : ती कोणासाठी घडली, येथे कोणत्या मार्गाने आली, येथे येताना तिच्यात कोणता बदल झाला, आणि आज ती ज्या क्रमात ठेवली आहे, तो क्रम कोणी व कशासाठी ठरविला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पट्टीवर असते. दुसऱ्याचे सूचिग्रंथांत व जुन्या याद्यांत, तिसऱ्याचे वस्तूच्या कडांवर व मागील बाजूस, आणि चौथ्याचे दालनाच्या रचनेत शोधावे लागते. केवळ पहिल्या उत्तरावर संतुष्ट राहणाऱ्याला शोनब्रुनमध्ये सुंदर मोगल चित्रे दिसतील. चारही प्रश्न विचारणाऱ्याला त्या चित्रांतील सांधे दिसतील, आणि त्या सांध्यांच्या आधारेच एके दिवशी एखादे हरवलेले पान मनाशी तरी पुन्हा जुळविता येईल.