इलेक्ट्रॉनिक माहितीच्या संरक्षणासाठी रेडिओलहरी-शोषक लेप : एक तुलनात्मक विवेचन
(जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
संगणकीय माहितीची सुरक्षितता म्हटली की परवलीचा शब्द व विषाणूरोधक प्रणाली यांचाच विचार केला जातो. तथापि संगणकाचा पडदा, केबल व प्रिंटर यांतून क्षीण रेडिओलहरीही बाहेर पडत असतात. डच अभियंता विम व्हॅन एक यांनी १९८५ मध्ये अशा लहरी दुरून टिपून पडद्यावरील मजकूर पुन्हा उभा करता येतो, हे दाखविले. २००४ मध्ये मार्कुस कून यांनी सपाट पडद्यांबाबतही तेच सिद्ध केले. प्रश्नपत्रिका संगणकावर उतरवून छापणाऱ्या परीक्षा केंद्रास हा विषय परका नाही.

परावर्तन व शोषण :
तांबे किंवा निकेलयुक्त वाहक रंग लहरी परतवितो; परतलेली लहर खोलीत फिरून एखाद्या फटीतून निसटू शकते. शोषक लेप मात्र लहरींच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. परावर्तन २० डेसिबलने घटले, तर केवळ १ टक्का ऊर्जा परत येते.

लेपांची तुलना :
१) कार्बनयुक्त लेप : काजळी किंवा ग्रॅफाइट राळेत मिसळून केलेला हा लेप हलका व स्वस्त असतो. मात्र रोधक थर धातूच्या पृष्ठापासून पाव तरंगलांबी दूर असावा लागतो. १० गिगाहर्ट्झला हे अंतर साडेसात मिलिमीटर, तर १०० मेगाहर्ट्झला ७५ सेंटिमीटर भरते.
२) कार्बोनिल लोह : लोहाची सूक्ष्म भुकटी इपॉक्सीत मिसळतात. गिगाहर्ट्झ पट्ट्यात पातळ थरही प्रभावी ठरतो. परंतु वजन व गंज या त्याच्या उणिवा होत.
३) निकेल-जस्त फेराइट : सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या फरशा ३० ते १००० मेगाहर्ट्झमध्ये उत्तम शोषण करतात. पडद्यातून होणारे उत्सर्जन मुख्यतः याच पट्ट्यात आढळते. मात्र त्याची भुकटी रंगात मिसळल्यास कणांमधील अंतरामुळे चुंबकीय पार्यता घटते. म्हणून फेराइटचा रंग फरशीची बरोबरी करू शकत नाही.

स्थानिक संदर्भ :
जालना हे पोलाद उद्योगाचे केंद्र आहे. तप्त पोलाद लाटताना पृष्ठभागावरून लोह ऑक्साइडची खपली (मिल स्केल) सुटते. ती शुद्ध करून भाजल्यास फेरिक ऑक्साइड मिळते व ते निकेल आणि जस्ताच्या ऑक्साइडांसह फेराइटनिर्मितीस वापरता येते. सिलिकासारख्या अशुद्धी दूर करणे हा यातील कळीचा टप्पा होय. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना संयुक्त प्रकल्पासाठी हा विषय उपयुक्त ठरेल. शोषणक्षमतेची खात्री मात्र मोजमापानेच करावी लागेल.

निष्कर्ष :
पडद्याच्या उत्सर्जनासाठी फेराइट फरशी, गिगाहर्ट्झ पट्ट्यासाठी कार्बोनिल लोह आणि जागा व उच्च वारंवारता असेल तेथे कार्बन, असा क्रम लागतो. परंतु दाराची फट, खिडकी व वीजवाहिनी उघडी राहिल्यास कोणताही लेप निष्फळ ठरतो. म्हणून गोपनीय काम इमारतीच्या आतील खोलीत, रस्त्यापासून दूर करणे, केबल आखूड ठेवणे व वीजवाहिनीस फिल्टर बसविणे हे अल्पखर्ची उपाय प्रथम योजावेत. लेपाचा विचार त्यानंतर व्हावा.