‘व्यावसायिक पात्रता’ म्हणजे नेमके काय?

गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएसची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत ‘व्यावसायिक पात्रताधारक’ हा शब्द वाचून अडखळतो. अडखळणे रास्तच आहे. परीक्षा संपली तरी हाती तात्पुरती नोंदणी असते. १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण झाल्यावरच महाराष्ट्र वैद्यक परिषदेची कायम नोंदणी मिळते. मग पात्रता पदवीने येते की नोंदणीने? जाहिरातीत ‘नोंदणीकृत’ असे असेल तर कायम नोंदणी धरून चालावे, आणि तरीही लेखी विचारून घ्यावे. फोनवरचे उत्तर छाननीच्या दिवशी कामी येत नाही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा ‘व्यावसायिक अभ्यासक्रम’ मात्र वेगळा. तो अजून शिकत असलेल्यांसाठीचा शब्द आहे, डॉक्टर झालेल्यांसाठीचा नव्हे.