घड्याळे, लष्करी खिशातील

घड्याळे, लष्करी खिशातील : भूसेना, नौसेना वा वायुसेना यांनी आपल्या कामासाठी विहित नमुन्यानुसार मिळविलेली, शासकीय मालकीची खूण असलेली आणि खिशात वा पेटीत ठेवण्याजोगी यांत्रिक घड्याळे. सैनिकाने स्वतः विकत घेतलेले किंवा त्याला भेट मिळालेले घड्याळ या अर्थाने लष्करी ठरत नाही. तथापि त्याचा सैन्याशी असलेला संबंध लेखी पुराव्याने सिद्ध होत असल्यास त्याला संग्रहात स्वतंत्र स्थान देतात. मालकीचे घड्याळ आणि सेवेतील घड्याळ यांतील हा भेद ओळखणे हा या संग्रहविषयाचा पाया होय. [⟶ घड्याळ].

इतिहास : अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) मॅसॅचूसेट्समधील वॉल्थॅम येथे यंत्रांच्या साहाय्याने तयार झालेली ‘विल्यम एलरी’ या नावाची घड्याळे सैनिकांनी मोठ्या प्रमाणावर विकत घेतली. ही घड्याळे खाजगी मालकीची होती. सैन्यानेच घड्याळे पुरविण्याची निकड पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) तीव्र झाली. पायदळाच्या पुढे पुढे सरकत जाणारा तोफांचा मारा ठरलेल्या मिनिटालाच पुढे न्यावा लागे. तोफखाना व पायदळ यांच्या घड्याळांत अंतर पडल्यास आपलेच सैनिक माऱ्यात सापडत. त्यामुळे हल्ल्यापूर्वी सर्व घड्याळे जुळवून घेणे हा नियम झाला. खंदकांतील लढाईत मनगटी घड्याळ अधिक सोयीचे ठरले, तरी खिशातील घड्याळ मागे पडले नाही. ब्रिटिश विमानांच्या चालककक्षात बसविलेली ‘मार्क पाच’ घड्याळे खिशातील घड्याळाच्या यंत्रणेवरच आधारलेली होती. दुसऱ्या महायुद्धातही (१९३९–४५) सर्वसाधारण सेवा, नौकानयन व विमानांचे मार्गनिर्देशन यांसाठी खिशातील घड्याळे वापरात होती.

मार्गनिर्देशनात अचूकतेला विशेष महत्त्व असते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. म्हणून वेळेत ४ सेकंदांची चूक झाल्यास रेखांशात १ कला (अंशाचा साठावा भाग), म्हणजे विषुववृत्तावर सु. १ सागरी मैल इतकी चूक होते. याच कारणाने मार्गनिर्देशकांच्या घड्याळांची यंत्रणा सर्वसाधारण सेवेच्या घड्याळांपेक्षा वरच्या दर्जाची असे.

प्रमुख प्रकार व खुणा : ब्रिटिश शासकीय मालमत्तेवर रुंद टोकाच्या बाणाची खूण असते. तिचा अनधिकृत वापर १८७५ च्या सार्वजनिक साठा अधिनियमाने दंडनीय ठरविला. अशा दोन बाणांची टोके समोरासमोर आणून उमटविलेली खूण वस्तू सेवेतून काढून विकल्याचे दर्शविते. ती दोषाची खूण नव्हे. कॅनडाच्या मालमत्तेवर बाण ‘सी’ या रोमन अक्षराच्या आत, तर ऑस्ट्रेलियाच्या मालमत्तेवर दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये असतो.

दुसऱ्या महायुद्धातील सर्वांत अधिक आढळणाऱ्या ब्रिटिश घड्याळांच्या पाठीवर बाणाखाली ‘जी. एस. टी. पी.’ ही अक्षरे व क्रमांक कोरलेला असतो. यांतील पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ ‘सर्वसाधारण सेवा’ असा आहे. शेवटच्या दोन अक्षरांची फोड काही जण ‘व्यापारी नमुना’, तर काही जण ‘कालमापक’ अशी करतात. सायमा, हेल्व्हेशिया, डॉक्सा, मोएरिस, जेजर-लकूल्त्र इ. स्विस आणि वॉल्थॅम या अमेरिकन उत्पादकांची घड्याळे या वर्गात आढळतात. डबी साध्या धातूची व मुलामा दिलेली, तबकडी पांढरी वा काळी आणि सेकंदाची लहान तबकडी सहाच्या आकड्याजवळ, अशी त्यांची सामान्य रचना असते. ‘एच. एस.’ ही अक्षरे नौसेनेच्या जलालेखन विभागाची निदर्शक आहेत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथील हॅमिल्टन कंपनीचे ‘४९९२ बी’ हे मार्गनिर्देशकांचे घड्याळ विशेष प्रसिद्ध आहे. त्याची तबकडी काळी व २४ तासांची असून सेकंदकाटा मध्यभागी असतो. त्यात २२ रत्नधारवे असतात. चावीची गुंडी बाहेर ओढताच सेकंदकाटा थांबतो, त्यामुळे ते सेकंदापर्यंत जुळविता येते. जर्मन भूसेनेच्या घड्याळांवर क्रमांकाच्या अलीकडे ‘डी’ व पलीकडे ‘एच’, तर नौसेनेच्या वस्तूंवर ‘के. एम.’ अशा खुणा आढळतात. सोव्हिएट रशियात अमेरिकेतील ड्यूबर-हॅम्पडेन कंपनीची यंत्रसामग्री विकत घेऊन १९३० मध्ये मॉस्को येथे घड्याळांचा कारखाना सुरू झाला. त्याच्या ‘प्रकार एक’ या घड्याळांत अमेरिकन बनावटीची छाप स्पष्ट दिसते.

मुंबईत पेढी असलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची ‘सोवार’ नावाची स्विस घड्याळे ब्रिटिश अमदानीतील भारतीय सैनिकांत लोकप्रिय होती. मात्र केवळ नावावरून अशा घड्याळास लष्करी म्हणता येत नाही. त्यासाठी शासकीय खूण वा लेखी पुरावा आवश्यक असतो. तसेच भारतातील रेल्वे कंपन्यांची आद्याक्षरे असलेली घड्याळे पुष्कळदा चुकीने लष्करी समजली जातात.

ओळख : तपासणी बाहेरून आत अशा क्रमाने करतात. प्रथम डबीवरील खुणा, नंतर तबकडी व काटे आणि शेवटी यंत्रणा पाहतात. यंत्रणेचा आकार तबकडीच्या बाजूच्या पट्टाचा व्यास मोजून ठरवितात. स्विस पद्धतीत तो ‘लीन्य’ या एककात (१ लीन्य = सु. २·२६ मिमी.) सांगतात. अमेरिकन पद्धतीत शून्य आकार म्हणजे १ ५/३० इंच असून पुढील प्रत्येक आकारास १/३० इंच वाढतो. त्यानुसार १६ आकाराच्या यंत्रणेचा व्यास १·७ इंच, म्हणजे सु. ४३·२ मिमी. येतो. अमेरिकन यंत्रणांवरील अनुक्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष बरेचसे अचूक काढता येते.

यानंतर सर्व भागांच्या काळांचा मेळ पाहणे हा निर्णायक टप्पा होय. उदा., जर्मन नौसेनेची चिन्हे असलेल्या काही घड्याळांत चेल्याबिन्स्क येथील ‘मोल्निया’ यंत्रणा आढळते. या यंत्रणेचे उत्पादन १९४७ मध्ये सुरू झाले आणि जर्मनीने शरणागती पत्करली ती १९४५ मध्ये; अर्थात अशी चिन्हे नंतर उमटविलेली असली पाहिजेत. खुणांच्या कडाही बोलक्या असतात. झिजलेल्या पाठीवर धारदार कडांची कोरीव अक्षरे असल्यास, अथवा खाचेत उघड्या धातूची ताजी चकाकी दिसल्यास खूण अलीकडची असण्याचा संभव असतो. याउलट, दुरुस्तीच्या वेळी सैन्याच्याच कार्यशाळेत बदललेले काटे वा तबकडी हा त्या घड्याळाच्या सेवेचा इतिहास असून तो बनावटपणा नव्हे.

निगा व धोके : जुन्या घड्याळास झिलई देणे किंवा त्याची तबकडी नव्याने रंगविणे हे नुकसानकारक ठरते, कारण त्यामुळे खुणा पुसट होतात आणि अस्सलपणाचा पुरावाच नष्ट होतो. तेल सुकलेले घड्याळ चालवीत राहिल्यास धारव्यांची झीज होते, म्हणून जाणत्या कारागिराकडून ते आधी साफ करून घेतात.

अंधारात दिसणाऱ्या तबकड्यांची बाब अधिक गंभीर आहे. त्यांच्या रंगात रेडियमची संयुगे व झिंक सल्फाइड मिसळलेले असे. काळाच्या ओघात झिंक सल्फाइड निकामी होते व तबकडी प्रकाशत नाही. पण रेडियम (२२६) याचे अर्धायुष्य सु. १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. म्हणजे न चमकणारी तबकडी निर्धोक असते, हा समज चुकीचा आहे. हा रंग लावणाऱ्या अमेरिकेतील कामगार स्त्रिया ओठांनी कुंचल्याला टोक काढीत. त्यांतील अनेकींना १९२० नंतरच्या दशकात जबड्याचे व हाडांचे प्राणघातक विकार जडले. म्हणून अशी घड्याळे उघडू नयेत, रंग खरवडू नये, ती सतत अंगावर बाळगू नयेत आणि हवेशीर जागी, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. रंगाची धूळ श्वासावाटे वा अन्नावाटे शरीरात जाणे हा मुख्य धोका असतो.

नोंदी : प्रत्येक घड्याळाच्या खुणा, डबी व यंत्रणा यांचे क्रमांक, व्यास, केलेल्या दुरुस्त्या आणि ते कोणाकडून मिळाले, या गोष्टींची छायाचित्रांसह नोंद ठेवतात. सैनिकाच्या कुटुंबाकडून घड्याळ मिळाल्यास त्याची पलटण, सेवेचा काळ, पत्रे व पदके यांची माहितीही त्याच वेळी लिहून घेणे आवश्यक असते. सांगणारी पिढी गेल्यानंतर ती मिळविता येत नाही. भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक महत्त्वाची १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते व खाजगी व्यक्तीला तिची निर्यात करता येत नाही. पहिल्या महायुद्धातील घड्याळे आता या कालमर्यादेत आली आहेत.