घोटा मोडतो तेव्हा : ‘चांगला उपाय’ म्हणजे कोणता?

‘चांगले’ या शब्दाची चर्चा आपण पुस्तकातून पुष्कळ केली. आज हा शब्द जरा इस्पितळात नेऊन पाहू.

घोट्याचा सांधा ही एक खाच आहे. नडगीचे हाड आणि बाहेरचे बारीक हाड मिळून ती तयार होते. हाड मोडून ही खाच सैल झाली की फ्रॅक्चर ‘अस्थिर’ म्हणायचे. नेहमीचा उपाय कोणता? कातडी उघडायची, हाड जुळवायचे, प्लेट आणि स्क्रू बसवायचे. पण घोट्यावर मांस कमी, उतारवयात कातडीही पातळ. जखम चिघळू शकते. म्हणून दुसरी वाट : लहान छेदातून बारीक हाडाच्या पोकळीत सळई घालायची. एडिनबरोत पासष्टीपुढच्या १०० रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. २०१६ साली निष्कर्ष आले. वर्षअखेर हालचाल साधारण सारखीच. जखमेतला जंतुसंसर्ग मात्र सळईवाल्यांत कमी.

त्याच वर्षी ब्रिटनमधला आणखी मोठा अभ्यास आला. साठीपुढचे ६२० रुग्ण. काहींना शस्त्रक्रिया, काहींना भूल देऊन पायाला घट्ट बसणारे प्लास्टर. सहा महिन्यांनी गुण किती? १०० पैकी ६६ आणि ६४.५. म्हणजे सारखेच! पण थांबा. हाड वाकडे जुळले ते प्लास्टरमध्ये १५ टक्के, शस्त्रक्रियेत ३. जखमेचा त्रास उलट : शस्त्रक्रियेत १० टक्के, प्लास्टरमध्ये १. शिवाय प्लास्टरवाल्यांपैकी पाचांतल्या सुमारे एकाला पुढे ऑपरेशन करावेच लागले.

आता सांगा, चांगले कोणते? एक्स-रेला विचाराल तर एक उत्तर, कातडीला विचाराल तर दुसरे.

आणि हे गुण तरी कसे मोजतात? त्या गुणपत्रिकेत वेदनेला २५ गुण आहेत, उकिडवे बसण्याला फक्त ५. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला हा हिशेब पटेल. पण शेतात खुरपणी करणाऱ्या बाईला? तिचे तर पोटच उकिडव्या बसण्यावर चालते. तिचे ते ५ गुण गेले, तर ९५ मिळूनही ती नापासच की!

म्हणजे बघा, आकडे खोटे नाहीत. पण कशाला किती वजन द्यायचे, हे आकडे ठरवत नाहीत. ते आपण ठरवतो. म्हणून डॉक्टरांना ‘कोणते ऑपरेशन चांगले?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘मला पुढे हे हे करायचे आहे, माझी कातडी, माझी साखर अशी आहे, मग माझ्यासाठी कोणते?’ असे विचारावे. हा प्रश्न वैद्यकाचा आहेच, पण अर्धा आपला आहे.