घामाचा वास आणि तुरटीचा खडा

बोथच्या किराणा दुकानात एकच पांढरा खडा तीन नावांनी मागितला जातो. मराठी गिऱ्हाईक त्याला तुरटी म्हणते, तेलुगू शेजारी पटिक म्हणतो आणि दखनी बोलणारा फिटकरी. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे मंडळाचे गाव महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल, किनवट आणि राजुरा या तालुक्यांसह तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. बोथ आंध्र प्रदेशात राहिले आणि पुढे तेलंगणात आले. सीमा आखली गेली, तरी भाषा आणि घरगुती उपाय दोन्ही बाजूंना तसेच राहिले. तुरटी त्यांपैकीच एक. दृष्ट लागू नये म्हणून ती दुकानाच्या दारावर टांगतात, न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो, पावसाळ्यात गढूळ पाणी निवळण्यासाठी ती हंड्यात फिरवली जाते. तिचा आणखी एक जुना उपयोग आता शहरांत नव्याने, आकर्षक वेष्टनातून आणि चढ्या किमतीला विकला जात आहे. तो म्हणजे काखेतील घामाचा वास घालवणे.

गोव्यातील वाचकाला या दूरच्या गावाचे प्रयोजन काय, असे वाटू शकेल. त्याचे कारण हवामानात आहे. आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, पण हवा कोरडी असते. अंगावर आलेला घाम पाहता पाहता उडून जातो आणि सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे उरतात. पणजीत किंवा म्हापशात तापमान त्याहून बरेच कमी असते. मात्र हवेतच इतके बाष्प असते की घामाला उडून जाण्यास वाव राहत नाही. काख सकाळी ओलावते ती संध्याकाळपर्यंत ओलीच राहते. घाम बोथमध्ये अधिक येतो, तर वासाला अनुकूल परिस्थिती गोव्यात अधिक असते. हा भेद ध्यानात आला की घरगुती उपायांपैकी कोणता कुठे लागू पडेल, याचा अंदाज बांधणे सोपे जाते.

मुळात ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. माणसाच्या त्वचेत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. त्यांपैकी बहुतेक केवळ खारट पाणी स्रवतात आणि शरीर थंड ठेवतात. काखेत व जांघेत मात्र दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना कार्यरत होतात आणि त्यांच्या दाटसर स्रावात स्निग्ध व प्रथिनयुक्त द्रव्ये असतात. काखेत वस्तीला असलेले जिवाणू या द्रव्यांवर जगतात आणि त्यांच्या विघटनातून उग्र वासाची संयुगे तयार होतात. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यांपैकी सर्वांत झोंबऱ्या वासामागचे एक विकर शोधून काढले. ते काखेतील मोजक्याच जिवाणूंपाशी आढळते. म्हणजेच वास घामाचा नसून जिवाणूंच्या कामाचा असतो, आणि तो किती यावा हे बऱ्याच अंशी अनुवंशाने ठरते. कानातील मळ ओलसर असणार की कोरडा, हे ठरवणारे जनुकच काखेचा वासही ठरवते. कोरिया, जपान या देशांतील पुष्कळांना त्या जनुकाच्या एका रूपामुळे हा वास जवळजवळ येतच नाही. शेतात राबणाऱ्याच्या अंगाला वास येतो म्हणून त्याला अस्वच्छ ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा तरी विचारात घ्यावी.

बाजारातील उत्पादने दोन प्रकारची असतात आणि ग्राहक त्यांत नेहमी गल्लत करतात. डिओडरंट जिवाणूंना आवर घालते किंवा वास झाकते. घाम थांबवत नाही. अमेरिकेत १८८८ मध्ये आलेले ‘मम’ हे मलम या प्रकारातील पहिले नाममुद्रांकित उत्पादन मानले जाते. घामरोधक त्यानंतर, १९०३ च्या सुमारास आले. त्यातील ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून ग्रंथीच्या तोंडाशी बारीक बूच तयार करतात आणि घाम बाहेर पडणेच काही काळ कमी होते. याच ॲल्युमिनियममुळे स्तनाचा कर्करोग होतो, अशी भीती गेली अनेक वर्षे पसरलेली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मते मात्र असा संबंध स्पष्टपणे दाखवणारा पुरावा मिळालेला नाही.

या भीतीपोटी अनेकजण ‘रसायनमुक्त’ पर्याय म्हणून तुरटीकडे वळतात, आणि येथे एक मौज आहे. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचा सल्फेट क्षार. ज्या धातूला भिऊन डबा टाकून दिला, तोच धातू खड्याच्या रूपाने घरात येतो. ‘ॲल्युमिनियम नाही’ असे छापून तुरटीच्याच कांड्या विकणारे ग्राहकाची दिशाभूल करतात, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. याचा अर्थ तुरटी वाईट असा नव्हे. तिचा मार्ग वेगळा आहे, एवढेच. ती ग्रंथींना घामरोधकासारखे घट्ट बूच लावत नाही. त्वचा किंचित आकसून घेते, पृष्ठभाग आम्ल ठेवते आणि जिवाणूंची वाढ रोखते. घाम येत राहतो, वास मात्र कमी होतो.

वापरण्याची रीत अगदी साधी आहे. आंघोळीनंतर काख कोरडी करावी, गुळगुळीत खडा पाण्यात बुडवून दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवावा आणि ओल वाळल्यावरच कपडे घालावेत. खड्याला टोक असेल तर ते आधी दगडावर घासून घ्यावे, नाहीतर ओरखडे उठतात. ज्यांना खडा नको त्यांनी पेलाभर पाण्यात लहान चमचाभर पूड विरघळवून ते पाणी कापसाने लावावे. केस काढल्यावर लगेच लावल्यास ती चांगलीच झोंबते. न्हाव्याकडे बसलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. तव्यावर तापवून केलेली तुरटीची लाही अनेक घरांत ठाऊक असते. तापवल्यावर तुरटीतील पाणी निघून जाते आणि हलकी, भुसभुशीत पूड उरते. ही पूड आरारूटच्या पिठात अगदी थोडी मिसळून लावली तर ती ओलावाही शोषते. मात्र ती झाकणबंद डब्यात ठेवावी, कारण हवेतील ओल ती पुन्हा ओढून घेते. बोथच्या कोरड्या उन्हाळ्यात खडा एकदा फिरवला तर बहुधा दिवस निघतो. गोव्याच्या दमट दुपारी मात्र घामाबरोबर तो वाहून जातो, म्हणून काख पुसून तो पुन्हा लावणे भाग पडते.

समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरणारी कृती वेगळीच आहे: खोबरेल तेल, खाण्याचा सोडा आणि आरारूट एकत्र घोटून केलेले मलम. ही कृती थंड देशांत जन्मली, हे तिच्या रूपावरूनच कळते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते. तिकडे बरणीत घट्ट मलम राहते, गोव्यात मात्र ते जवळजवळ वर्षभर पातळच असते आणि सदऱ्यावर तेलाचे डाग पाडते. बोथमध्ये तर एकाच बरणीची दोन रूपे दिसतील. मे महिन्यात तेल आणि डिसेंबरच्या पहाटे, जेव्हा आदिलाबाद जिल्हा तेलंगणातील सर्वांत गार भागांत मोडतो, तेव्हा दगड. पण डागांपेक्षा गंभीर प्रश्न सोड्याचा आहे. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते. तिचा सामू पाचच्या आसपास असतो. सोड्याच्या पाण्याचा सामू आठच्या वर जातो. सामूतील एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, या हिशेबाने हे अंतर हजारपटींहून मोठे आहे. रोज सोडा लावणाऱ्या कित्येकांची काख काही आठवड्यांत लाल होते, सोलवटते आणि पुढे काळवंडते. ‘शरीरातील विष बाहेर पडत आहे’ असे सांगून ती जळजळ सोसायला लावणारे सल्ले सर्रास दिले जातात. ती केवळ त्वचेची इजा असते. उपाय त्याच दिवशी थांबवावा.

लिंबाचेही तसेच. त्याच्या आम्लाने जिवाणू काही काळ दबतात हे खरे, पण लिंबाच्या सालीत व रसात असलेली काही द्रव्ये उन्हाच्या संपर्कात आली की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि महिनोन्‌महिने डाग राहतात. रस काखेतून दंडावर ओघळला आणि माणूस तसाच शेतात किंवा किनाऱ्यावर गेला, तर ही इजा ठरलेलीच. ज्याला आम्लच हवे त्याने भरपूर पाणी घातलेला व्हिनेगर वापरावा; त्याचा वास मात्र सोसावा लागतो.

सुगंधी मुळ्यांची परंपरा यापेक्षा निराळी आणि अधिक समृद्ध आहे. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, चंदन ही दिवाळीच्या उटण्यातील ओळखीची मंडळी. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणावर स्वतंत्र अध्याय आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाचे स्नान आणि विलेपन यांचे सविस्तर वर्णन केले. या विषयावर मराठीतही लेखन झालेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी ‘गंधवाद’ नावाच्या ज्या जुन्या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, त्याच्यासोबत मराठी टीका आहे. सुगंध कसा सिद्ध करावा, हे मराठीत लिहून ठेवण्याची गरज कोणाला तरी वाटली होती. मात्र ही द्रव्ये मुख्यतः वास झाकतात. वाळ्याच्या पाण्याने आंघोळ केल्यावर प्रसन्न वाटते. दुपारपर्यंत काखेतील जिवाणू आपले काम सुरू करतातच. म्हणून सुगंध तुरटीनंतर, तिच्या जागी नव्हे.

एवढे करूनही वास येत असेल तर दोष बहुतेक वेळा सदऱ्याचा असतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरचे सदरे तपासले, तेव्हा पॉलिएस्टरचे कपडे सुती कपड्यांपेक्षा अधिक उग्र वासाचे ठरले. वास निर्माण करणारे काही जिवाणू कृत्रिम धाग्यावर अधिक वाढतात, असे त्यांना आढळले. आदिलाबादची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. त्या शिवारात कापूस वेचणाऱ्याच्या अंगावर मात्र स्वस्त म्हणून पॉलिएस्टरचाच सदरा असतो. काखेकडची बाजू धुण्यापूर्वी अर्धा तास सोड्याच्या पाण्यात भिजवावी. त्वचेला न मानवणारा सोडा कपड्याला चांगला मानवतो. नंतर कपडा उलटा करून उन्हात वाळवावा. गोव्याच्या पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा काखेच्या भागावर गरम इस्त्री थोडी अधिक वेळ फिरवावी. अर्धवट ओला कपडा घालू नये, कारण त्यातील वास घामाआधीच तयार असतो.

काही बाबतींत घरगुती उपायांवर विसंबू नये. अमेरिकेत घामरोधकांच्या वेष्टनावर मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. सुट्या तुरटीवर असे काहीच छापलेले नसते, पण धातू तोच असल्यामुळे अशा रुग्णांनी तीही विचारूनच वापरावी. बसल्या जागी तळहात आणि काखा टपटपू लागणे हा अतिघामाचा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अंगाच्या वासात अचानक झालेला बदल, किंवा रात्री अंथरूण भिजवणारा घाम, सोबत ताप आणि घटणारे वजन असेल तर काखेला काय लावावे हा प्रश्न बाजूला ठेवून आधी क्षयाची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती विनामूल्य होते.